बिनआवाजाची गाडी

सुखदेव रामटेके पेट्रोल भरायला गेले, की पंपावरच्या आकड्यांकडे बघत नाहीत. ते व्हॅनच्या कुशीला कान लावतात. नळी टाकीत गेली रे गेली, की पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं अडकवलेला हा पन्नाशी उलटलेला गृहस्थ गुडघ्यात वाकतो, एक कान पत्र्याला चिकटवतो, दुसऱ्या कानात बोट घालतो आणि डोळे मिटतो. मागच्या रांगेतले मोटरसायकलवाले हॉर्न वाजवतात, कोणी आईबहिणीचा उद्धार करतो. रामटेके हलत नाहीत. टाकी भरली की उठून, गुडघे झटकून, पंपावरच्या माणसाला म्हणतात, "आज बरोबर देल्लं."

"आणि बरोबर दिलं नाही, तर कळतं का तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"पेट्रोल गेलं त गडगड वाजते मॅडम, हवा गेली त सुस वाजते. आकड्याचं काय घेऊन बसल्या? आकडा कोनीबी फिरवते. आवाज नाई त भरोसा नाई."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. घरात जशी बुद्धवंदना, तसं घराबाहेर हे.

आम्ही तिघं अप-डाऊनवाले. ब्रह्मपुरीत राहायचं, कुरखेड्याला नोकरी करायची, आणि मधले पन्नासेक किलोमीटर सकाळ-संध्याकाळ रामटेकेंच्या व्हॅनमध्ये एकमेकांचं डोकं खायचं, असा आमचा बरीच वर्षं चाललेला संसार. रामटेके एका कचेरीत वरिष्ठ बाबू. कुरेशी सर हायस्कुलात गणित शिकवतात आणि पुढच्या सीटवर बसून उरलेल्या जगालाही शिकवतात. मी कोषागारात. दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका शोधून ती परत पाठवणं हे माझं काम. म्हणजे संशय घ्यायचा मला सरकार पगार देतं. रामटेके तेच काम फुकट करतात आणि माझ्यापेक्षा चांगलं करतात, हे मला पहिल्यापासून जरा खुपतं.

टरबूज सगळेच वाजवून घेतात. रामटेके छताचा पंखा कानाने घेतात. त्यासाठी त्यांनी वडशाच्या दुकानदाराला दुकानातले बाकीचे सगळे पंखे बंद करायला लावले होते, आणि तेही मे महिन्यात. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टरांची नळी मागून स्वतःच्या कानाला लावली. वर म्हणाले, "तुमी खोटं बोलान डॉक्टरसाहेब, माह्यं काळीज कायले खोटं बोलन?" मुलीसाठी मुलगा बघायला गेले, तेव्हा मुलाशी चार शब्दसुद्धा धड बोलले नाहीत. अंगणात उभी असलेली त्याची मोटरसायकल तेवढी चालू करून ऐकली. घरी येऊन बायकोला म्हणाले, "पोरगा निगा राखनारा हाय. देऊन टाकू." जावई खरंच निगा राखणारा निघाला, त्यामुळे रामटेकेंना समजावून सांगायची सोय कायमची संपली.

त्या व्हॅनबद्दल सांगायलाच हवं. तिचा मूळ रंग कोणता, यावर दुमत होतं. सायलेन्सर कुठेतरी फुटलेला होता आणि रामटेके तो दुरुस्त करू देत नव्हते. गाडी चालू झाली की आमच्या गल्लीतल्या खिडक्या थरथरत. पण त्या भडभड आवाजाचे फायदेही होते, ते नाकारून चालणार नाही. वडशाच्या फाटकापाशी चहावाला आवाज ऐकूनच आमचा चहा चुलीवर चढवायचा. रस्त्यात बसलेल्या म्हशी, ज्या कलेक्टरच्या गाडीला उठत नाहीत, त्या आम्ही दिसायच्या आधीच उठून बाजूला व्हायच्या. त्या जंगलात वाघ भरपूर, मध्ये हत्तीही येऊन गेले. पण आमच्या व्हॅनच्या वाटेला कधी कोणी गेलं नाही. कुरेशी सर म्हणायचे, "जनावरांनाही कानाचे पडदे प्यारे असतात."

एक गोष्ट मात्र मला पहिल्या वर्षापासून संशयास्पद वाटत आली होती. कुरखेड्याच्या अलीकडे सावरटोल्याचा फाटा आहे. फाट्याला लागून मोहाचं एक जुनं झाड, झाडाखाली शेंदूर लावलेला देव, त्याच्या पलीकडे बांबूच्या कुंपणाची चार-दोन घरं. तो फाटा आला, की रामटेके गाडी हळू करायचे, क्लच दाबायचे आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय देऊन गाडीला अशी काही रेस द्यायचे, की माझ्या डब्यातली भाजी हलायची. जाताना एकदा, येताना एकदा. रोज.

"हे काय आहे भाऊ?"

"इंजिनात कचरा जमते मॅडम. रेस देल्ली का निंगून जाते."

कचरा रोज नेमका सावरटोल्यालाच जमतो, हे माझ्या बुद्धीला पटेना. मी खिडकीतून लक्ष ठेवायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं, की व्हॅनची रेस झाली की दुसऱ्या घराच्या कुंपणाशी एक बाई येऊन उभी राहते. उंच, काळीसावळी, बहुतेक वेळा हिरव्या लुगड्यात. हातात कधी झाडू, कधी सूप. ती आमच्याकडे बघते आहे असं दाखवत नसे. रामटेकेही सरळ रस्त्याकडे बघत. पण फाटा ओलांडला की त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायचं, आणि मग कुरखेड्यापर्यंत ते कशावरही संशय घेत नसत.

छत्तीस गुण लग्नात जुळत असतील. संशयाला दोनच पुरतात. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "रामटेके दिसतात तसे नाहीत." नवरा म्हणाला, "तू दिसतेस तशीच आहेस." विषय तिथेच राहिला, पण माझ्या मनातून गेला नाही.

अशात व्हॅनची पंधरा वर्षं भरली. पुन्हा पासिंगला न्यावी तर मिस्त्रीने हात वर केले. "भाऊ, इंजिन उतरलं, चेसिस सडलं. आता हिले फुलं वाहा," म्हणाला. रामटेकेंनी दुसरा मिस्त्री गाठला, तिसरा गाठला. चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळ कोणी जुना कारागीर आहे म्हणून तिथवर जाऊन आले. सगळ्यांचं मत एक आलं. त्यामुळे त्यांना सगळ्यांचाच संशय आला. "हे मिळलेले हायत," ते मला म्हणाले.

इकडे कुरेशी सरांनी मोबाईलवर विजेच्या गाड्यांचा अभ्यास सुरू केला होता. आता आपल्यासारख्यांना परवडेल अशी छोटी गाडी निघाली आहे, रोज त्याच रस्त्याने जाऊन-येऊन करणाऱ्यांसाठीच ती जन्माला आली आहे, पेट्रोलच्या मानाने खर्च काहीच नाही, असं ते वडसा ते कुरखेडा सांगायचे. परत येताना कुरखेडा ते वडसा पुन्हा सांगायचे.

"दोनशे किलोमीटर जाते भाऊ एका चार्जात. अपना तो सौ का मामला है."

"कोन म्हन्ते दोनशे?"

"कंपनी म्हणते."

"कंपनी कवा कुरखेड्याले आली होती?"

 रामटेकेंकडे अशा प्रश्नांची खाण होती. मे महिन्यात एसी लावला त किती जाते? नदीच्या पुलावर पानी आलं त करंट लागते का? वाघ रस्त्यात बसला अन् अर्धा तास उठलाच नाई, तवा बॅटरी खर्च होते का वाघाच्या नावानं जमा होते? बॅटरी आठ वर्ष टिकते म्हन्ते, मंग नवव्या वर्षी मी रिटायर झाल्यावर कोन्या तोंडानं धकलत नेऊ?

खरं सांगायचं तर मलाही शंका होत्याच. गडचिरोलीच्या पुढे एकदा जंगल लागलं, की चार्जिंग कुठे सापडेल आणि कुठे नाही, ते सांगता येत नाही. त्या गाडीने हेमलकशाला जायचं म्हटलं, तर मी आधी मोहाखालच्या देवाला नारळ कबूल करीन. पण रोजचा ठरलेला रस्ता, रात्री घरीच छपरीत चार्जिंग, एवढंच असेल तर ती नक्की परवडते, असं हिशेब मांडल्यावर मलाही दिसलं. मी तसं म्हटलं, तेव्हा रामटेकेंनी आरशातून माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीही मिळालेली.

एका रविवारी आम्ही चंद्रपूरला शोरूममध्ये गेलो. टाय लावलेल्या मुलाने पाणी दिलं, गाडीचं दार उघडून दिलं. रामटेके आत बसायच्या आधी गाडीभोवती फिरले. टायरला लाथ मारली, दाराचा पत्रा बोटाने वाजवला, मग म्हणाले, "चालू करा."

"सर, चालूच आहे."

रामटेके वाकले. बॉनेटला कान लावला. हा कान, मग तो कान. दुसरं गिऱ्हाईक, त्याची बायको, शोरूमचा मॅनेजर, सगळे बघत राहिले.

"काहीच नाई," ते उठून म्हणाले.

"तीच तर मजा आहे सर! जराही आवाज नाही. शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही तुम्ही कधी गेलात, कधी आलात."

त्या वाक्याला रामटेकेंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तेव्हा मला वाटलं, आवाज नाही म्हणून भरोसा बसत नसेल. "मंग लोकायले कयावं कसं, का मानूस येऊन राह्यला म्हनून?" ते हळूच म्हणाले. तो मुलगा हसला. त्याला वाटलं गंमत करताहेत.

मग रामटेकेंनी शेवटचा प्रश्न विचारला. "तुमी स्वतः कोन्ती चालवता?"

मुलगा गडबडला. "मी... माझी मोटरसायकल आहे सर. पेट्रोलची."

रामटेकेंनी आमच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि आम्ही परत निघालो. वाटेत मूल गावी थांबलो. तिथे चहा पिताना कुरेशी सरांनी हुकमाचं पान टाकलं. गणिताचा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी आकडा एकही काढला नाही.

"भाऊ, पेट्रोलवाल्याचा तुला भरोसा नाही. बरोबर?"

"बिलकुल नाई."

"मग विजेच्या गाडीला पंपच लागत नाही. मीटर तुझ्या घरात, तुझ्या डोळ्यांसमोर. तूच भरणार, तूच बघणार. आता बोल, संशय घ्यायला माणूस कुठे उरला?"

 जन्मभराच्या संशयानेच रामटेकेंना पेचात पकडलं होतं. गाडीची नोंदणी झाली ती अशी.

व्हॅनचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला तिला न्यायला येणार होता. परतताना सावरटोल्याच्या फाट्यावर रामटेकेंनी गाडी हळू केली आणि रेस दिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ दिली. कुंपणाशी हिरवं लुगडं आलं. त्यांनी आणखी रेस दिली. धूर झाडापर्यंत गेला. मग गाडी पुढे काढली, आणि मला दिसलं की गृहस्थाचे डोळे भरले आहेत.

आता मात्र माझ्याने राहवेना. "भाऊ, इतकी वर्षं गप्प राहिले. आज सांगा. कोण आहे ती बाई?"

कुरेशी सर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना माहीत होतं.

"माह्यी बाई हाय," रामटेके म्हणाले.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझ्या मनातल्या सगळ्या कादंबऱ्या तिथेच मिटल्या.

हकीकत त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितली, गाडी चालवत, आमच्याकडे न बघता. मी ब्रह्मपुरीला यायच्या आधीची गोष्ट, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात आंदणाची भांडी मांडलेली, आणि माईकवर एक जण पुकारत होता, अमक्याकडून ताट-वाटी, तमक्याकडून पाच भांडी. रामटेकेंनी बरीच भांडी वडशाहून आणलेली. भांडेवाल्याने फसवलं तर नाही ना, म्हणून भर मांडवात ते एकेक भांडं बोटाने वाजवत चालले होते. तेवढ्यात पुकारा झाला, "आत्याकडून पितळेचा गुंड!" गुंड म्हणजे आमच्याकडचा पाण्याचा मोठा हंडा. पुकारा नीट न ऐकताच रामटेके सवयीने त्याच्यापाशी गेले, टिचकी मारली, कान लावला. आणि म्हणाले, "हा जुना माल हाय. झाळलेला हाय. कोनं देल्ला?"

झाळलेला म्हणजे चीर कथलाने बुजवलेला. माईक चालू होता. वाक्य कर्ण्यातून अख्ख्या ब्रह्मपुरीने ऐकलं. व्याह्यांकडचे हसले.

त्यांची ही बहीण, सुभद्राबाई, गर्दीतून पुढे आल्या. "म्या देल्ला," म्हणाल्या. "मायचा गुंड हाय. मायनं मले देल्ला होता, म्या पोरीले आनला. लहानपनी विहिरीवर तूच पाडला होतास सुखदेवा. मायनं तुले मारलं नाई, झाळून आनला अन् जन्मभर त्याच्यातच पानी भरलं. साऱ्या दुनियेचा आवाज ओरखतो म्हन्तेस, अन् मायचा गुंड नाई ओरखला?" गुंड उचलून त्यांनी कडेवर घेतला आणि न जेवता मांडवातून निघून गेल्या. तेव्हापासून बोलणं नाही. निरोप गेले, उत्तर आलं नाही. जाऊन पाया पडावं, तर बारशाला, साक्षगंधाला, कुठेही त्यांनी यांच्याकडे पाहिलं नाही.

"मग रोज फाट्यावरून जाता, तर थांबत का नाही?"

"थांबलो अन् तिनं तोंड फिरवलं त?" ते म्हणाले. "आता कशी कुंपनापासी येते. कायले येते मी इचारत नाई. आंगन झाडाले येत असन. पर येते. थांबलो त तेही बंद होईन." जरा वेळाने म्हणाले, "भरोसा नाई ना मॅडम."

दुनियेवर संशय घेणारे पुष्कळ पाहिले. आपल्याला माफी मिळेल यावरही संशय घेणारा मी तो एकच पाहिला, आणि मला त्यांचा भयंकर राग आला आणि भयंकर वाईटही वाटलं.

नवी गाडी आली. पांढरी, छोटी, गोंडस. पहिल्या संध्याकाळी चार्जिंगला लावली, तेव्हा रामटेके छपरीत खुर्ची टाकून तिच्याजवळ बसले, हात वायरवर. जेवायला उठेनात. शेवटी बायकोने ताट तिथेच आणून दिलं. चार्जरला कान लावल्यावर मात्र त्यांना बारीक गुणगुण ऐकू आली. "इथी थोडासा आवाज हाय," त्यांनी मला फोन करून सांगितलं, आणि त्या रात्री म्हणे झोपले.

गाडीने आम्हाला दगा दिला नाही, हे मान्य करायला हवं. पन्नास गेलो, पन्नास आलो, बॅटरी अर्ध्याच्या आसपास. एसी लावला की आकडा जरा घाईने उतरायचा, एवढंच. चढाला दम लागला नाही. माझी भाजी डब्यात जागच्या जागी राहिली. वडशाच्या चहावाल्याने पहिले दोन दिवस आम्हाला ओळखलंच नाही, चहा उशिरा मिळाला. म्हशी मात्र उठेनात. आम्ही अगदी शेपटीपाशी जाऊन उभे राहायचो, तरी त्यांना पत्ता नसे. रामटेके उतरून त्यांना हाताने हाकलायचे.

सावरटोल्याच्या फाट्यावर पहिल्या दिवशी रामटेकेंनी गाडी हळू केली. सवयीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी गपकन पुढे गेली, आवाज काही झाला नाही. कुंपणाशी कोणी आलं नाही. त्यांनी हॉर्न दिला. पण त्या वळणावर सगळेच हॉर्न देतात, ट्रॅक्टरपासून शाळेच्या गाडीपर्यंत. हॉर्नला कोण बाहेर येतं? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

"भाऊ, दोन मिनिटं थांबून सांगून या ना. नवी गाडी घेतली म्हणा," कुरेशी सर म्हणाले.

"सर, तुमी गनित शिकवा."

ते गप्प होत गेले. पगारावर संशय घेईनात, भाजीवाल्यावर घेईनात. मी मुद्दाम म्हटलं, "सरकार महागाई भत्ता वेळेवर देणार म्हणतंय." तर "देत असन," म्हणाले. तेव्हा मला खरी काळजी वाटली. रामटेकेंसारखा माणूस विश्वास ठेवायला लागला, की समजावं आत काहीतरी मोडलं आहे.

दोनेक आठवडे गेले असतील. एका संध्याकाळी आम्ही परत येत होतो. फाट्याच्या अलीकडे बघतो तो एक बाई भर रस्त्यात उभी, दोन्ही हात पसरून. आमच्या पुढे एक ट्रॅक्टर होता, तो थांबवून तिने काहीतरी विचारलं. ट्रॅक्टरवाल्याने मान हलवली आणि निघून गेला. मग ती वळली. आमची गाडी इतकी जवळ येऊन थांबली होती, की ती दचकून मागे सरली. "बाप्पा! हे कवा आली?" असं म्हणत ती डाव्या काचेशी आली. कुरेशी सरांनी काच खाली केली.

हिरवं लुगडं. जवळून पहिल्यांदाच पाहिलं. नाक हुबेहूब रामटेकेंचं.

"ओ भाऊ, तुमी ब्रह्मपुरीकडचे का? तिथचा रामटेके बाबू, कुरखेड्याले येते-जाते, भडभड करते ते गाडी त्याची. गंज दिस झाले, गाडीचा आवाज येऊन नाई राह्यला. मानूस बरा हाय का? कोनी सांगत बी नाई. काल दिसभर उभी होती, आजबी उभी हाय."

 जगाला शिकवणारे कुरेशी सर नुसते मागे सरकले, सीटला चिकटले, पलीकडचं दिसावं म्हणून.

रामटेकेंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. नजर समोर. मला वाटलं, हा माणूस आता गाडी पुढे काढतो. मी मागून त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले, तेवढ्यात ते बोलले.

"बाई... मी हावो ना."

सुभद्राबाई वाकल्या. आत बघितलं.  मग डोळ्यांना पदर लावायच्या ऐवजी त्यांनी गाडीच्या टपावर अशी थाप मारली, की आम्ही तिघं उडालो.

"मेल्या! जिता हायस, त आवाज काऊन नाई देत?"

"हे गाडी आवाज करत नाई, बाई. करंटची हाय."

"गाडी नाई करत. तुले तोंड नाई का?"

रामटेकेंनी गाडी बंद केली. म्हणजे केली असावी. चालू आणि बंद यातला फरक तिथेही कळला नाही. ते उतरले, वळसा घालून आले आणि भर डांबरी रस्त्यावर बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. मागे काळीपिवळी जीप येऊन थांबली, तिने हॉर्न दिला. सुभद्राबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती बाजूने गुपचूप निघून गेली.

"चाल घरी. पानी पे," त्या म्हणाल्या.

"बस ना गाडीत, बाई."

सुभद्राबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. दार बोटाने वाजवलं. मग वाकून बॉनेटला कान लावला. हा कान, मग तो कान.

"मी नाई बसत," त्या उठून म्हणाल्या. "आवाज नाई त भरोसा नाई."

आणि तरातरा चालू लागल्या. कुरेशी सर माझ्याकडे बघायला लागले, मी सरांकडे. खोड एकट्याची नव्हती, माहेरची होती. बाई पुढे, आणि मागून पांढरी गाडी तिच्या चालीने, अशी आमची वरात बांबूच्या कुंपणापर्यंत गेली.

अंगणात बाज टाकून आम्हाला बसवलं. घर स्वच्छ सारवलेलं. दाराशी तिवईवर पाण्याचा पितळी गुंड, घासून घासून सोन्यासारखा केलेला. एका बाजूला बुडाजवळ झाळल्याचा पांढुरका डाग. सुभद्राबाईंनी आम्हाला दोघांना पाणी दिलं. रामटेके मात्र उभेच होते, त्या गुंडाकडे बघत, हात मागे बांधून, बोटं एकमेकांत अडकवून. टिचकी मारायला हात पुढे जाऊ नये, म्हणून त्यांनी ते तसे धरून ठेवले होते.

सुभद्राबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी गुंडातलं पाणी बादलीत ओतलं, रिकामा गुंड तिवईवर ठेवला.

"ये इकडं," त्या म्हणाल्या. "तवा मांडवात गलका होता. आता आयक."

रामटेके गुडघ्यांवर बसले. कान पितळेला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे मिटले. पेट्रोलपंपावर बसतात अगदी तसेच. सुभद्राबाईंनी बोटाच्या पेराने गुंड वाजवला. स्वच्छ, लांब आवाज निघाला आणि शेवटी, जिथे झाळलं होतं तिथे, जरासा खरखरला.

"कोनाचा हाय?"

"मायचा," रामटेके म्हणाले. "पाडला म्या."

"मंग?"

 गुंडाचा आवाज विरून गेला, अंगणात फक्त मोहाच्या पानांची सळसळ राहिली. सुभद्राबाईंनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला. उशीर होत होता. पण रामटेकेंनी गुंडावरचा कान काढला नव्हता.